उपरण्याखालचा हात

माणूस पडला-आपटला तर सांगतो, ताप आला तर सांगतो. पण पायाचा अंगठा सुजून लाल झाला, की आपला माणूस तो आधी बायकोपासून लपवतो, मग गावापासून आणि शेवटी स्वतःपासूनसुद्धा. तुमच्या-आमच्या आळीत असा एखादा असतोच. वारूळवाडीचा हौशीराम हे काम सहा वर्षं मोठ्या निष्ठेने करत होता; बायकोपासून फार दिवस लपलं नाही, पण बाजारापासून लपलं.

हौशीराम बैलांचा दलाल होता, आणि साधासुधा नव्हे. बेल्ह्याच्या बाजारात त्याच्या नजरेचा दबदबा होता. बैल चार पावलं चालला की कोणत्या खुरात दुखतंय, कोणत्या खांद्याने जू नीट पेलत नाही, हे तो उभ्याउभ्या सांगायचा. काही बेपारी लंगड्या बैलाला आदल्या दिवशी सुई टोचून आणायचे. असा बैल बाजारापुरता सरळ चालतो आणि नव्या मालकाच्या दावणीला गेला की बसतो. हौशीरामने असला बैल आजवर कुणाच्या गळ्यात पडू दिला नव्हता. "ह्यो आज चालतोय, उद्या न्हाई चालायचा," एवढंच तो म्हणायचा, आणि बेपारी मुकाट्याने दावं सोडून बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

त्याचा दुसरा अभिमान हाताचा. बाजारात सौदा तोंडाने होत नसे. खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. ह्यात एकच मोठं पाप होतं, ते म्हणजे बोलणी संपायच्या आत हात बाहेर ओढणं. हात ओढला म्हणजे समोरचा भाव करायच्याही लायकीचा नाही, असं चारचौघांत म्हटल्यासारखं. पंचवीस वर्षांत हौशीरामने एकदाही हात ओढला नव्हता.

अंगठा पहिल्यांदा सुजला तो सत्त्याण्णव साली. मोठा सौदा झाला की पार्टी ठरलेली असायची. मटण, भाजलेली कलेजी, बिअरच्या बाटल्या. अशाच एका पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंगठा इतका पेटला की त्यावर चादरीचा पदरही सहन होईना. आठवड्याभरात ते आपोआप उतरलं. मग वर्षातून एकदा, मग दोनदा, मग दर महिन्याला सुरू झालं. हौशीरामने त्याला 'वात' असं नाव दिलं आणि इलाजही स्वतःच ठरवून टाकले. कुणी म्हणालं आंबट सोड, म्हणून त्याने टोमॅटो सोडला, दही सोडलं, वर डाळही सोडली. शेजारच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागलेल्या असताना हा गडी टोमॅटोकडे पाठ करून जेवायचा! कुणी म्हणालं पायात बळ पाहिजे, म्हणून त्याची बायको अंबाबाई दर रविवारी बोकडाचे पाय आणून सकाळपासून चुलीवर शिजवत ठेवायची, आणि हौशीराम दोन वाट्या सूप भुरकून तृप्त व्हायचा. एका डॉक्टरांनी रक्त तपासायची चिठ्ठी दिली होती, ती सदऱ्याच्या खिशातच धुऊन निघाली.

बाजाराच्या सकाळी खरा आधार असायचा काळ्या गोळीचा. बाजारातच चादर पसरून बसणाऱ्या एका माणसाकडे ती कागदाच्या पुडीत मिळायची. गोळी पोटात गेली की काही तासांत अंगठा गप्प व्हायचा आणि हौशीराम ताठ चालायचा.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात मात्र दुखणं पायातून हातात आलं. उजव्या हाताचं मधलं बोट सांध्यात फुगून टम्म झालं. सोमवारी, बेल्ह्याच्या बाजाराच्या सकाळी, चहा देताना अंबाबाईने ते पाहिलं.

"आवो, बोट बगा की केवढं झालंय! आज नगा जाऊ."

"बैल बघायला डोळं लागत्यात, बोट न्हाई," हौशीराम म्हणाला आणि दोन गोळ्या एकदम तोंडात टाकून निघाला.

त्या दिवशी बाजारात सावळाराम नावाचा साठीचा माणूस आला होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्याही वर, डोंगरात त्याचं गाव. भाताची चार खाचरं आणि उतारावर नाचणी, एवढी त्याची शेती. जोडीतला एक बैल हिवाळ्यात गेला होता आणि उरलेल्याला जोड मिळाल्याशिवाय खाचरांची चिखलणी होणार नव्हती. गावाजवळचे बाजार पालथे घालून, तीन गाड्या बदलून तो इथवर आला होता. खोडदच्या भागूकडे त्याला हवा तसाच बैल होता, आखूड पायांचा आणि घट्ट खुराचा. बैल पाहून म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"बैल चोख हाये, पावणं," हौशीराम म्हणाला. "खुराची हमी माझी."

उपरणं पडलं. सावळारामने हौशीरामची बोटं धरली आणि आपला भाव सांगितला. भाव रास्त होता, हौशीरामला तो कळलाही. तेवढ्यात आपलं बोलणं पक्कं करायला म्हाताऱ्याने चारही बोटं मुठीत धरून दाबली. नांगर आणि कुऱ्हाड धरणारा डोंगरातला हात तो! सुजलेलं बोट त्या मुठीत सापडलं, हौशीरामच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि काय होतंय हे कळायच्या आत त्याने हात हिसडून बाहेर काढला.

उपरणं मातीत पडलं. भागू बघत राहिला, बाजूचे बेपारी बघत राहिले.

"हात वढला?" सावळाराम हळू आवाजात म्हणाला. "आमी डोंगरातली माणसं. आमचा भाव हातात धरायच्याबी लायकीचा न्हाई व्हय?"

एक वाक्य पुरलं असतं. 'बाबा, बोट दुखतंय,' एवढं म्हणायचं होतं. पण पन्नास डोळे रोखलेले होते. दलालाचा हात निकामी झाला हे बाजाराला कळलं तर उद्या त्याच्या उपरण्याखाली हात घालणार कोण? हौशीरामने मान फिरवली. "न्हाई जमायचं, पावणं," तो म्हणाला.

सावळारामने खाली वाकून उपरणं उचललं, त्याची माती झटकली, घडी करून हौशीरामच्या हातात दिलं आणि निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हौशीरामला वाटलं.

संध्याकाळपर्यंत बोटाच्या जोडीला अंगठाही पेटला, गुडघाही भरून आला. खाटेवर पडल्या पडल्या त्याने अंबाबाईला सगळं सांगितलं. "मी त्या म्हाताऱ्याला खोटं बोल्लो, अंबे. त्याला वाटलं, मी त्याला हलकं लेखलं."

अंबाबाईने कालच्या उरलेल्या सुपाचं पातेलं चुलीवरून उतरवलं. "उद्या सकाळी नारायणगावला डॉक्टरीणबाईकडं जायाचं. तुमी न्हाई आलात तर मी एकटी जाते आन् तुमचं समदं दुखणं सांगून येते. मग बसा इभ्रत सांभाळत!"

डॉक्टर वैजयंतीबाई शेतकऱ्याच्याच घरात वाढलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सांधे पाहिले, सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं, रक्त घेतलं, रक्तदाब मोजला. दुसऱ्या दिवशी कागद हातात आल्यावर त्या म्हणाल्या, "हा नुसता वात नाही, भाऊ. ह्याला गाऊट म्हणतात. रक्तात युरिक ॲसिड नावाचा पदार्थ वाढतो, लघवीवाटे पुरेसा जात नाही, आणि त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात. तुमचं प्रमाण नऊच्या वर आहे, ते सहाच्या आत पाहिजे. नशीब, मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत."

"आवो बाई, फक्त बाजारापुरतं थांबंल असं काय तरी द्या," हौशीराम म्हणाला. "माझी एक काळी गोळी हाये, ती आता लागू पडंना."

वैजयंतीबाईंनी काळ्या गोळीची चौकशी केली, मग हौशीरामच्या धंद्याची. धंद्याचं नाव निघताच हौशीरामची कळी खुलली. सुई टोचलेला बैल आपण कसा ओळखतो, हे त्याने रंगवून सांगितलं.

"त्या बेपाऱ्याला तुम्ही काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणायचं! चोर म्हणायचं. मुक्या जनावराचं दुखणं झाकतो, आन् त्याचा पाय कायमचा घालवतो!"

"मग भाऊ, सहा वर्षं काळी गोळी घेऊन तुम्ही बाजारात जो बैल उभा करताय, त्याच्या मालकाला काय म्हणायचं?"

आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणारा हौशीराम आज स्वतःच्या हातात स्वतःच सापडला होता!

"असल्या गोळीत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं," बाई म्हणाल्या. "बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. मीही कधी कधी स्टेरॉइड देते, पण मोजून, साखर आणि रक्तदाब बघून. तुम्ही बाजारापुरती घेत होता म्हणून सुटलात. रोज घेणाऱ्याने ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरला दाखवून हळूहळू उतरवावी लागते. आणि ती घेतली तरी खडे तिथल्या तिथेच राहतात, फक्त तुमचं ओरडणं बंद होतं."

मग खाण्याची गोष्ट निघाली. कलेजी, गुर्दा, भेजा, पायांचं सूप, सुकट-बोंबील आणि वरचेवर मटण, ह्यांनी युरिक ॲसिड वाढतं. बिअर तर त्याची सख्खी सोबतीण, दारूही तशीच, आणि बाटलीतली गोड थंड पेयंही. ते ऐकताना अंबाबाईचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजी दर रईवारी मीच त्यास्नी हे पाजत व्हते?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बळ यावं म्हणून करत व्हते, बाई."

"तुमच्या मायेत खोट नव्हती, वहिनी. माहिती चुकीची होती," बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "आणि नुसत्या खाण्याने हा आजार होतो असंही नाही. घराण्यातून येतो, वजनाने येतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढतो. यांनी सोडलेलं टोमॅटो, दही, डाळ परत ताटात वाढा. ताक-दूध तर चांगलंच. पाणी भरपूर प्यायचं, वजन हळूहळू उतरवायचं. कडक उपास करायचे नाहीत, त्यानेही दुखणं उसळतं."

औषधं दोन तऱ्हेची असतात, हे त्यांनी हौशीरामकडून पाठ म्हणवून घेतलं. आताची आग विझवायला कोल्चिसिनची गोळी आणि जोडीला सूज उतरवणारी, मूत्रपिंड ठीक आहे म्हणून. तेवढे दिवस त्या सांध्याला आराम आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ. सूज बसली की पंधरा दिवसांनी ॲलोप्युरिनॉल, थोड्यापासून सुरुवात, आणि रक्त तपासत वाढवत न्यायची. "ही गोळी दुखण्यावरची नाही, खड्यांवरची आहे. दुखो न दुखो, रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. सुरुवातीला खडे विरघळताना दुखणं एक-दोनदा परत येईल, तेव्हा घाबरून ती सोडायची नाही. त्या काळात कोल्चिसिनचा छोटा डोस मी चालू ठेवीन. अंगावर पुरळ उठलं किंवा तोंड आलं तरच बंद करून धावत माझ्याकडे यायचं. ही सोसली नाही तर दुसरी औषधं आहेत."

पाच दिवसांत बोट उतरलं. सहाव्या दिवशी हौशीराम खोडदला भागूच्या वावरात उभा होता. मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून होत्या, आणि पुढे भागू कोड्यात पडला होता.

"भागू, त्या दिवशी म्हाताऱ्याचा भाव रास्त व्हता. मीच खोटं बोल्लो. माझ्या बोटात गाऊट हाये." सहा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच बाहेरच्या माणसापुढे उच्चारलं होतं. आभाळ कोसळलं नाही. भागूने फक्त विचारलं, "लई दुखतं का रं?" बैल अजून दावणीलाच होता. सावळारामच्या भावाला भागू राजी झाला.

बैल घेऊन हौशीरामचा टेम्पो डोंगरातल्या त्या गावात पोचला तेव्हा सावळाराम बांध घालत होता. बैल पाहून त्याने कुदळ खाली ठेवली, पण हौशीरामकडे पाहिलं नाही. चार माणसं जमली. हौशीरामने त्या सगळ्यांच्या देखत उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं.

"बाबा, बाजारात मी हात वढला तो तुमाला हलकं लेखून न्हाई. बोटात आग व्हती. ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून तुमच्या तोंडावर खोटं बोल्लो. चारचौघांत तुमचा मान घालवला, तर चारचौघांत माफी मागायला आलोय. तुमचा भाव मला त्या दिवशीच कळला व्हता. त्याच भावात बैल आणलाय, आन् माझी दलाली मला नको."

सावळारामने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याने घरातून आपल्या मुलाला, भगवंतला, हाक मारली. तिशीचा तो उंच गडी एक पाय उचलून धरत, दारातून भिंतीच्या आधाराने आला.

"ह्याचा अंगठा बगा," सावळाराम म्हणाला. "दोन वरसं झाली. कुणी म्हनतं बाहेरचं हाये, कुणी म्हनतं किरडू चावलं. दोन कोंबडी कापून झाली."

हौशीराम खाली बसला. बैलाचा खूर पाहावा तशा बेताने त्याने भगवंतचा पाय धरला. अंगठा तोच, तसाच लाल आणि तापलेला! "दुखतं ते समदंच गाऊट नसतंय, बाबा," तो म्हणाला. "मी बैलं पारखतो, माणसं न्हाई. रक्त तपासलं की कळंल. उद्या ह्याच टेम्पोत घिऊन चला." आणि त्याने खिशातली गोळ्यांची पत्र्याची डबी काढून सगळ्यांना दाखवली, एवढ्या तोऱ्यात की जणू शर्यतीत मिळालेली ढालच दाखवतोय.

पुढचं वर्ष सोपं गेलं, असं मी सांगणार नाही. श्रावणात दुखणं परत उसळलं आणि हौशीरामने चिडून डबी अंगणात भिरकावली. अंबाबाईने ती शोधून आणली, पुसली आणि समोर ठेवली. "बाईंनी आधीच सांगितलं व्हतं, असं व्हणार म्हणून. बैल पहिल्यांदा जुवाखाली जाताना अंग टाकतो, तवा तुमी त्याला सोडून देता का?" हौशीरामने निमूट गोळी घेतली. पार्टीत तो ताकाचा ग्लास घेऊन बसू लागला, मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली, आणि दिवाळीपर्यंत त्यातले दोघं गुपचूप त्यालाच डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारून गेले. होळीच्या सुमारास रक्ताच्या कागदावर आकडा आला पाच पूर्णांक आठ दशांश, म्हणजे सहाच्या आत. अंबाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

पुढच्या मे महिन्यात बेल्ह्याच्या बाजारात सावळाराम पुन्हा आला. जुना बैल म्हातारा झाला होता, नव्याला जोड हवी होती. सोबत भगवंत होता, दोन्ही पायांवर उभा. त्यालाही गाऊटच निघाला होता आणि त्याच्याही खिशात तशीच डबी होती.

बैल पसंत पडला. उपरणं पडलं. भोवती माणसं जमली, कारण मागच्या वर्षीची गोष्ट बाजार विसरला नव्हता. सावळारामने भाव सांगितला आणि मग हौशीरामकडे रोखून बघत चारही बोटं मुठीत धरून दाबली. आधी हळू, मग पूर्ण ताकदीने.

हात हलला नाही.

"लई दाबू नका बाबा, दुखत न्हाई म्हणून काय मोडायची हायेत व्हय?" हौशीराम मोठ्याने म्हणाला आणि सगळा बाजार हसला. सावळारामने उपरणं उचललं, पण ह्या वेळी त्याने घडी करून हातात दिलं नाही, तर हौशीरामच्या खांद्यावर दोन्ही हातांनी टाकलं, मान देताना टाकतात तसं. पंचवीस वर्षांत हौशीरामने पुष्कळ सौदे जमवले होते, पण इतका ताठ तो कधी उभा राहिला नव्हता.

वाचकहो, सांधा सुजणं हा कमीपणा नाही आणि त्यात काही पापही नाही. तो एक आजार आहे, त्याला तपासणी आहे, औषध आहे आणि खाण्यापिण्याची शिस्त आहे. कमीपणा असलाच तर तो दुखणं झाकून खोटं चालण्यात आहे, कारण त्या खोट्याची किंमत आपल्याबरोबर दुसऱ्यालाही मोजावी लागते. तुमच्या घरात कुणी सकाळी पायात चप्पल घालताना तोंड फिरवत असेल, तर त्याला सूप पाजू नका. त्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.